किल्ली हरवलेली कुलपे



आजचा विषय ऐकून आपल्यांपैकी काही जणांना हसू येईल. कुलूप ही काय भाषण देण्याजोगी वस्तू आहे, असेही कोणी म्हणेल. पण क्षणभर उठा आणि आपल्या घरातला माळा, शाळेच्या कार्यालयातले खालचे फडताळ किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीतला कोपरा पाहा. तिथे एक पत्र्याचा डबा असेल. डब्यात पाच, दहा, कधी वीसदेखील कुलपे असतील; सगळी बंद, आणि किल्ली एकाचीही नाही. मग जरा भिंतीवर पाहा. एका खिळ्याला तारेच्या कडीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा लटकत असेल, आणि ह्या किल्ल्या कुठल्या कुलपांच्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. ही कुलपे टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. नव्या दाराला कुलूप लागले की आपण बाजारातून नवे आणतो, दोन वर्षांनी त्याचीही किल्ली हरवते, आणि डब्यात आणखी एक भर पडते.

मी काही लोहार नव्हे किंवा यंत्रशास्त्रातला जाणकारही नव्हे. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मग ह्या विषयात कसा पडलो, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेने मला 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला बोलावले होते. कार्यक्रम झाला, चहा झाला. जाता जाता मी सहज विचारले, “शाळेचे ग्रंथालय कुठे आहे?” मुख्याध्यापकांनी चौथीच्या वर्गातले एक लाकडी कपाट दाखवले. त्याला चांगले जाडजूड कुलूप. किल्ली अकरा वर्षांपासून नव्हती. बदलून गेलेले गुरुजी म्हणत की आपण ती पुढच्यांना दिली, पुढचे म्हणत की मिळालीच नाही. पदभाराच्या यादीत दर वेळी एकच ओळ पुढे उतरवली जाई: ‘लाकडी कपाट 1, कुलूपबंद.’ कुलूप तोडावे, तर आतल्या वस्तूंची जबाबदारी तोडणाऱ्यावर येणार! म्हणून कोणी हात लावला नाही.

त्या दिवशी आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना बोलावले, दोघा पालकांसमक्ष पंचनामा लिहिला आणि करवतीने कडी कापली. दार उघडले. आत पुस्तके होती. वरून पाहता ओळीने नीट उभी होती. पहिले पुस्तक उचलायला हात लावला तो बोटे आत गेली. वाळवीने मधला सगळा कागद खाऊन पुस्तकांच्या पाठी तेवढ्या उभ्या ठेवल्या होत्या. दोनशेच्या आसपास पुस्तके असतील. मागे उभ्या असलेल्या एका मुलीने हळूच विचारले, “सर, यात गोष्टींची होती का हो?” मला काही उत्तर देता आले नाही. कुलूप मात्र कडी सोडली तर शाबूत होते.

आता ह्यापुढची गोष्ट ऐका. कार्यालयात तसाच एक डबा होता. त्यात 23 बंद कुलपे, आणि भिंतीवरच्या जुडग्यात 31 किल्ल्या. मी म्हटलं, “ह्या कधी लावून पाहिल्यात का?” ते म्हणाले, “कोण लावत बसणार सर? दिवस जाईल.”

दिवस जाईल का, ह्याचा हिशेब आपण करून पाहू. 23 कुलपांना 31 किल्ल्या एकेक करून लावायच्या म्हणजे फार तर 713 वेळा लावणे आले. एका खेपेला दहा सेकंद धरली, तर 7,130 सेकंद होतात. म्हणजे दोन तासांना जेमतेम एक मिनिट कमी. आणि हे आंधळेपणाने केले तर. थोडे डोळे उघडून केले तर काम ह्याच्या पाव हिश्श्यावर येते. आम्ही प्रथम कुलपांचे आणि किल्ल्यांचे सारखे ढीग केले. किल्लीवर आणि कुलपावर बहुधा कारखान्याचे नाव कोरलेले असते; काहींवर आकडेही असतात. नाव पुसले असेल तर भोकाचा आकार पाहावा. चपटी सरळ फट असेल तर चपटी किल्ली, वेडीवाकडी फट असेल तर कडेला पन्हळी असलेली किल्ली, गोल भोक आणि मध्ये खुंटी असेल तर पोकळ नळीची किल्ली. असे पाच ढीग झाले. पहिल्यात 7 कुलपे आणि 9 किल्ल्या, दुसऱ्यात 6 आणि 8, तिसऱ्यात 5 आणि 6, चौथ्यात 3 आणि 5, पाचव्यात 2 आणि 3. प्रत्येक ढिगाचा गुणाकार करून बेरीज घ्या, 162 होते. म्हणजे 27 मिनिटांचे काम. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. वर्गीकरणाचा उपयोग मुलांना ह्याहून लवकर पटणार नाही.

त्या अर्ध्या तासात नऊ कुलपे उघडली. आणि एक किल्ली डब्यातल्या कशालाच लागेना, म्हणून एका गुरुजींनी ती सकाळी कापलेल्या कपाटाच्या कुलपात घालून पाहिली. सहज फिरली! अकरा वर्षे ती त्या खिळ्यालाच होती. कपाट वर्गात, जुडगा कार्यालयात. दोघांच्या मध्ये एक व्हरांडा. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की किल्ली हरवली असे म्हणण्यापूर्वी लावून पाहा. आणि लावताना जोर करू नका. किल्ली आत गेली पण फिरली नाही तर ती दुसऱ्याची समजावी. पिळली तर आतच तुटते आणि मग कुलूप खरोखरच निकामी होते.

कुलपाच्या पोटात असते तरी काय, हेही थोडे पाहू. आपल्याकडच्या बहुसंख्य कुलपांत पात्या असतात. बाजारात त्यांना लिव्हर म्हणतात. ‘सहा लिव्हरचे’, ‘सात लिव्हरचे’ असे आपण दुकानात ऐकतो ते हेच. कल्पना करा की कवायतीच्या मैदानावर सहा मुले एकामागे एक उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात पाटी आहे आणि प्रत्येक पाटीच्या कडेला एक खाच पाडलेली आहे. पण कोणाची वर, कोणाची खाली. आता सगळ्या पाट्यांच्या खाचांतून एक आडवी काठी पार न्यायची आहे. कोणी पाटी दोन बोटे उचलली पाहिजे, कोणी चार. एकाने जरी जास्त उचलली किंवा कमी उचलली तरी काठी अडणार. कुलपात ही पाट्या उचलण्याची कामगिरी किल्लीचे दाते करतात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की आतली खुंटी पुढे सरकते, कडीला धरून ठेवलेला खटका सुटतो आणि कडी मोकळी होते. जास्त उचलूनही भागू नये, ही युक्ती रॉबर्ट बॅरन ह्या इंग्रज कारागिराने 1778 साली काढली.

दुसरी जात पिनांची. तिच्यात पात्यांऐवजी बारीक पिना असतात, प्रत्येक पिनेचे वर-खाली दोन तुकडे, वर स्प्रिंग. योग्य किल्ली गेली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि मधले गोल दंडगोल फिरते. आजचे हे रूप अमेरिकेतल्या लायनस येल ह्या धाकट्या येलने 1861 आणि त्यापुढच्या वर्षांत पेटंट घेऊन रूढ केले. कडेला करवतीसारखे दाते असलेली छोटी किल्ली पाहिलीत की हे ओळखावे.

आपल्याकडे अलिगढ शहर कुलपांसाठी प्रसिद्ध आहे, दक्षिणेत तामिळनाडूतले दिंडिगल. मुंबईत लालबागला अर्देशिर गोदरेज ह्यांनी 1897 साली कुलपांचा कारखाना काढला. पुढे 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी त्यांच्याच विक्रोळीच्या कारखान्यात लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावायचे म्हटले असते तर खर्च परवडता ना. म्हणून झाकणाच्या आतच बंद होणारी योजना केली गेली. नाहीतर आज देशभरच्या कचेऱ्यांत किती लाख बिनकिल्लीची कुलपे पडली असती, कोण जाणे!

कुलूप म्हणजे अभेद्य, अशी मात्र समजूत नको. लंडनमध्ये 1851 साली मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने, कोणालाही उघडता येणार नाही म्हणून गाजलेली दोन इंग्रजी कुलपे किल्लीवाचून उघडून दाखवली. एकाला अर्धा तासही लागला नाही. दुसऱ्याला सोळा दिवसांत मिळून पन्नासएक तास लागले. आपल्याला ह्यातून एवढेच घ्यायचे की कुलूप-कुलपांत फरक असतो. तो कशाने पडतो? समजा, एका स्वस्त कुलपात तीनच पात्या आहेत आणि प्रत्येकीच्या तीनच उंची आहेत. मग किल्लीचे प्रकार तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे 27. गावात 28 घरांनी ते कुलूप घेतले, तर निदान दोन घरांची किल्ली एकच निघणार. ह्यात नशिबाचा भाग नाही. उलट सहा पात्या आणि चार उंची असतील तर कागदावर 4,096 प्रकार होतात. प्रत्यक्षात कारखाने त्यांतले काही गाळतात, तरी पुष्कळ उरतात. आमच्या त्या डब्यात एका किल्लीने दोन कुलपे उघडली, तेव्हा मंडळी खूश झाली. मी म्हटलं, आनंद नको. ही दोन्ही कुलपे आजपासून दुय्यम.

आता उरलेली चौदा कुलपे. ह्यांतली काही किल्ली नाही म्हणून बंद असतात, काही गंजली म्हणून. कोकणात आणि घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात लोखंडी कुलूप असे धरते की स्वतःची किल्लीही त्याला परकी वाटते. अशा कुलपात शिवणयंत्राचे पातळ तेल किंवा गंजलेल्या बोल्टांवर मारायचे तेल दोन-चार थेंब सोडावे, रात्रभर उलटे ठेवावे, आणि सकाळी लाकडाच्या तुकड्यावर हलके आपटावे. पाटा-वरवंट्यावर नव्हे, बरं का! पुष्कळ घरांत हाताशी असते म्हणून खोबरेल तेल घालतात. ते घालू नये. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजते. म्हणजे हिवाळ्यातल्या पहाटे, नेमकी आपल्याला घाई असते तेव्हा, आतल्या स्प्रिंगा तुपात बसल्यासारख्या होतात. शिवाय त्याला धूळ चिकटते ती वेगळी. पिनांच्या कुलपाला तर तेलापेक्षा शिसपेन्सिलीची पूड चांगली. पेन्सिल सुरीने खरवडून ती पूड किल्लीला चोळावी आणि किल्ली आतबाहेर करावी. नाव शिसपेन्सिल असले तरी तिच्यात शिसे नसते, ग्राफाईट असते, आणि ते कोरडेच निसरडे असते.

ज्यांची किल्लीच नाही त्यांच्यासाठी बाजारच्या दिवशी बसणारा चावीवाला गाठावा. ह्या माणसाची विद्या पाहण्यासारखी असते. आमची कुलपे घेऊन मी एकाकडे गेलो, तेव्हा त्याने आधी मलाच न्याहाळले आणि विचारले, “इतकी कुलपं कुणाची?” शाळेचे पत्र दाखवले तेव्हाच हात लावला. मला राग यायला हवा होता. उलट बरे वाटले. असा प्रश्न न विचारणाऱ्याकडे आपणही जाऊ नये. मग त्याने एक कोरी किल्ली दिव्यावर धरून काजळी धरवली, कुलपात घालून जराशी फिरवली आणि बाहेर काढली. जिथे पात्यांनी अडवले तिथे काजळीवर बारीक ठिपके उमटले होते. तेवढेच कानशीने घासायचे, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. मला दिसत नव्हते ते ठिपके त्याला दिसत होते. दहाबारा मिनिटांत पहिले कुलूप उघडले. प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या करवून घ्या, आणि दुसरी किल्ली पहिलीवरून लगेच, नवी असतानाच करा. झिजलेल्या किल्लीची नक्कल केली तर झीजही नक्कल होते. नकलेची नक्कल काढली तर कानगोष्टींच्या खेळासारखे शेवटी भलतेच निघते.

चौदांपैकी आठ कुलपे त्याने उघडून दिली. राहिलेल्या सहांबद्दल तो म्हणाला, “मजुरी कुलपापेक्षा जास्त होईल, गुरुजी.” हा हिशेब घालण्याचे धैर्य आपल्याला हवे. प्रत्येक कुलूप वाचवलेच पाहिजे असे नाही.

उघडलेली कुलपे कुठे लावायची? माझ्या मते ज्या कुलपाच्या जुन्या किल्ल्या कोणाकडे किती आहेत ह्याचा पत्ता नाही, ते पोषण आहाराच्या धान्यकोठीला, संगणकाच्या खोलीला किंवा दप्तराच्या कपाटाला लावू नये. तिथे नवे, निदान सहा पात्यांचे घ्यावे. तेवढा खर्च करावा. जुनी कुलपे कुंपणाच्या फाटकाला, पाण्याच्या मोटारीच्या पेटीला, खेळाच्या साहित्याच्या पेटाऱ्याला, फुलझाडांच्या नळाला उत्तम. उघड्यावर लावायचे असेल तर पितळी निवडा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वरून झापडीसारखा बांधा. पितळी कोणते, हे रंगावरून ठरवू नका, लोहचुंबक लावा. अंग चुंबकाला चिकटले तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. कडी मात्र बहुतेक सगळ्यांची पोलादाचीच असते, तेव्हा चुंबक अंगालाच लावा.

आणखी एक. ज्या कुलपाची किल्ली नाही पण ते उघडे आहे, ते सर्वांत धोक्याचे. कडी दाबली की बंद होणारी कुलपे पुष्कळ असतात. असे उघडे कुलूप कोयंड्यात अडकवून ठेवले असेल आणि एखाद्या मुलाने सहज दाबले, तर आत कोणी असो की नसो, दार बंद! शौचालयाच्या आणि वर्गाच्या दारांवर अशी कुलपे आढळली तर आज संध्याकाळी काढून घ्या.

कापण्याची पाळी आलीच, तर समितीचा ठराव, दोन साक्षीदार आणि चार ओळींचा पंचनामा पुरतो. डोळ्यांना चष्मा असू द्या, मुलांना दूर उभे करा. काही कड्यांचे पोलाद पाणी दिलेले असते, तिच्यावर करवत नुसती घसरते. तिथे वेळ न दवडता कोयंडा कापावा. कोयंडा नवा बसवणे सोपे असते.

ती सहा निकामी कुलपे आम्ही काय केली, हे सांगायचे राहिले. दोन पितळी होती, ती जडसंग्रह नोंदवहीतून रीतसर निर्लेखन करून मोडीत दिली. एकाची बाजू चावीवाल्याकडून कापून घेतली. आता ते विज्ञानाच्या तासाला फिरते आणि पात्या कशा उचलल्या जातात हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. उरलेली तीन वेगवेगळ्या वजनांची होती. त्यांचे लंबक केले. टांगणीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर दोरी ठेवा आणि थोडासा झोका द्या. जाण्यायेण्याला दोन सेकंद लागतात, आणि जड कुलपाला नि हलक्या कुलपाला सारखीच लागतात. जड लवकर येईल, असे पैज लावून सांगणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना आधी सांगू द्या, मग दहा झोके मोजायला लावा.

नोंदवहीबद्दल थोडे. चालू झालेल्या प्रत्येक कुलपाला ठोकून किंवा खरवडून क्रमांक घाला. तोच क्रमांक किल्लीला पत्र्याच्या बिल्ल्याने बांधा. कागदाची चिठ्ठी एका पावसाळ्यात जाते. वहीत क्रमांक, कुठे लावले, किल्ल्या किती आणि कोणाकडे, एवढेच रकाने पुरेत. किल्लीवर मात्र ‘धान्यकोठी’ असे लिहू नका. हरवली तर सापडणाऱ्याला पत्ताच मिळेल. पदभार देताना यादीत ‘कुलूपबंद’ हा शब्द लिहिण्याऐवजी नव्या माणसासमोर प्रत्येक कुलूप एकदा उघडून बंद करावे आणि मग सही घ्यावी. वीस कुलपांना फार तर पंधरा मिनिटे लागतात.

राहता राहिल्या जादा किल्ल्या. त्या एका लहान कपाटात ठेवाव्या असे मी त्या शाळेला सुचवले, त्यांनी मानले, कपाटाला चांगले कुलूपही लावले. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा विचारले, “ह्या कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते?” मुख्याध्यापकांनी अभिमानाने सांगितले, “आतच ठेवलीय सर, सुरक्षित!” आता ती समितीच्या अध्यक्षांच्या घरी असते, आणि तसे वहीत लिहिले आहे.